एचआरसीटीचा स्कोर आणि आजाराचे पहिले चार दिवस

पंचगंगा, कोल्हापूर
(धागाकर्ते)

नमस्कार. मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे आणि गेली अनेक वर्षे छातीचे एक्स-रे व सीटी स्कॅन वाचणे हेच माझे रोजचे काम आहे. हा धागा काढण्याचे कारण असे की, करोनाची साथ ओसरून इतका काळ लोटला, तरी सर्दी-तापाची साथ आली की पहिल्याच दिवशी घाबरून स्कॅन सेंटर गाठणारे रुग्ण आजही येतात. हातात कोणत्याही डॉक्टरांची चिठ्ठी नसते. "एचआरसीटी काढून द्या, स्कोर बघायचा आहे" एवढेच ते सांगतात. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक कापांचा सीटी स्कॅन आणि स्कोर म्हणजे आजाराने फुफ्फुसे किती व्यापली याचा पंचवीसपैकी आकडा. त्यांची भीती खरी आहे, कारण २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रत्येक घरात हाच प्रश्न विचारला जात होता. मात्र पहिल्या दिवशीचे चित्र काय सांगू शकते आणि काय सांगूच शकत नाही, हे त्या वेळी आम्ही कोणी नीट समजावले नाही. ते काम आता तरी करावे असे वाटते.

श्वसनमार्गाचा विषाणू शरीरात शिरला की आधी नाक आणि घशाच्या अस्तरात वाढतो. फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत तो पोहोचलाच, तर त्याला बहुधा आणखी काही दिवस लागतात. तेथे पोहोचल्यावर वायुकोशांच्या भिंती सुजतात आणि पोकळीत थोडा द्राव व पेशी साचू लागतात, पण हवा पूर्ण हटलेली नसते. अशा भागाचा सीटीत दुधी काचेसारखा धूसर पट्टा दिसतो आणि त्या धूसरपणाच्या आड रक्तवाहिन्या ओळखू येतात. यालाच आम्ही 'ग्राउंड ग्लास' म्हणतो आणि रुग्णांच्या बोलण्यात त्याचे 'पॅचेस' होते. पुढे हवा पूर्ण हटली की तो भाग घट्ट पांढरा होतो आणि रक्तवाहिन्या त्यात लपतात. करोनात हे डाग बहुधा दोन्ही फुफ्फुसांत, कडेला आणि खालच्या मागच्या भागात आढळत. साध्या एक्स-रेमध्ये बरगड्या, हृदय, श्वासपटल आणि फुफ्फुसे यांच्या सावल्या एकाच पटावर एकमेकींवर पडतात. त्यामुळे सुरुवातीचा विरळ धूसरपणा तेथे हरवून जातो. सीटी त्याच छातीचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे काप दाखवतो, म्हणून त्यात तो दिसतो. पण दिसण्यासाठी आधी तो तेथे असावा लागतो.

ही साधी गोष्ट दाखवणारा एक अभ्यास २०२० च्या फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाला होता. चीनमधील चार केंद्रांतील १२१ रुग्णांचे सीटी त्यात पाहिले गेले आणि लक्षणे सुरू होऊन किती दिवस झाले त्यानुसार त्यांचे गट केले गेले. पहिल्या दोन दिवसांत स्कॅन झालेल्या ३६ रुग्णांपैकी २० जणांचा, म्हणजे ५६ टक्क्यांचा, सीटी पूर्णपणे निर्दोष होता. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांच्या गटात असे फक्त ९ टक्के होते आणि सहाव्या दिवसानंतर ४ टक्के. दोन्ही फुफ्फुसांत डाग दिसण्याचे प्रमाण याच क्रमाने २८, ७६ आणि ८८ टक्के असे चढत गेले. दुसऱ्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांचे पुन्हा पुन्हा सीटी काढल्यावर आढळले की, फुफ्फुसांतील बदल लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक होतात. म्हणजे ज्या दिवशी माणूस सर्वाधिक घाबरलेला असतो, त्या दिवशी चित्राजवळ सांगण्यासारखे सर्वांत कमी असते.

मग सीटीबद्दल इतका विश्वास आला कोठून? त्याचे मूळ वुहानमध्ये आहे. तेथील १०१४ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णांपैकी ९७ टक्क्यांच्या सीटीत बदल होते. हा ९७ चा आकडा जगभर पोहोचला. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मात्र फारसा कोणी वाचला नाही. ज्यांचा पीसीआर निगेटिव्ह होता, त्यांच्यापैकी केवळ २५ टक्क्यांनाच सीटीने निर्दोष ठरवले होते. शिवाय ही सारी माणसे साथीच्या ऐन भरात रुग्णालयात आलेली होती. १२ फेब्रुवारी २०२० रोजी हुबेई प्रांताने सीटी व लक्षणांच्या आधारे निदान मान्य केले आणि एका दिवसात तेरा हजारांहून अधिक रुग्णांची भर पडली. त्या ठिकाणी, त्या आठवड्यात तो निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, कारण तपासणीचे संच अपुरे होते, अहवाल उशिरा येत होते आणि संशयितांना लगेच वेगळे ठेवणे भाग होते. आपण मात्र तो निर्णय त्याच्या परिस्थितीसकट न उचलता फक्त यंत्रापुरता उचलला.

आपल्यापैकी कोणाचे अनुभव किंवा शंका असतील तर अवश्य लिहाव्यात.

माणदेशी, जिल्हा सातारा

डॉक्टर, आपण लिहिलेले सर्व मान्य आहे, पण त्या वेळी गावात बसलेल्या आमच्यासारख्यांची बाजूही नोंदवली जावी, म्हणून लिहितो. मी एका दुष्काळी तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये घशाचा नमुना दिल्यावर अहवाल हातात यायला चार-चार, पाच-पाच दिवस लागत होते. अनेक ठिकाणी अहवालाशिवाय दाखल करून घेत नव्हते. दुसरीकडे, गाडी करून शहरात गेले की एचआरसीटीचा अहवाल त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येत असे. समोरचा माणूस पाच दिवस तापाने फणफणतो आहे, त्याला वास येत नाही, घरातील दोघे आधीच पॉझिटिव्ह आहेत आणि त्याची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आहे, अशा वेळी सीटीची चिठ्ठी लिहिण्याखेरीज मी काय करायला हवे होते, हे मला आजही सांगता येत नाही.

दरांबद्दलही एक आठवण नोंदवतो. सुरुवातीला काही ठिकाणी या तपासणीसाठी मनाला येईल ती रक्कम घेतली जात होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मर्यादा ठरवून दिली. यंत्र एका फेरीत १६ पेक्षा कमी काप (स्लाइस) घेणारे असेल तर २००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसला २५०० आणि त्यापुढे ३००० रुपये. त्या आदेशाने गरिबांना खरोखर आधार मिळाला. मात्र त्याचाच दुसरा परिणाम असा झाला की, तपासणी आवाक्यात आल्यावर गरज नसलेले लोकही रांगेत उभे राहिले आणि त्या रांगेत खरे आजारी व केवळ धास्तावलेले असे दोघेही एकमेकांजवळ तासन्‌तास थांबले.

मला खरी खंत वाटते ती पुढच्या गोष्टीची. स्कोर हे औषध ठरवण्याचे माप झाले. फुफ्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, म्हणून एकूण पंचवीस. "सात आला", "अकरा आला" असे नातेवाईक फोनवर सांगत आणि काही ठिकाणी त्या आकड्यावरच स्टेरॉइड सुरू होत असे, रुग्णाचा ऑक्सिजन ९७ असला तरीही. ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते की, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ दिसला नाही आणि अपायाची शक्यताही नाकारता आली नाही. पुढे म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या आजाराची) लाट आली, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइड या जोडीचा हिशेब आम्हाला फार महाग पडला. माझ्याच एका रुग्णाला शहरातून दुसऱ्या दिवशीच्या स्कोरवर स्टेरॉइड सुरू करून परत पाठवले होते. त्याची साखर ४०० च्या पुढे गेली, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याचा डोळा वाचला, परंतु ते दोन आठवडे मी विसरू शकत नाही.

अबोली, नाशिक

माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलेले लिहिते, कारण धाग्याच्या नावातील 'पहिले चार दिवस' हे शब्द वाचून मला थांबावेसे वाटले.

वडिलांना ताप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांचा एचआरसीटी करून घेतला. कोणी सांगितले नव्हते. शेजारच्या काकांना उशीर झाला, तसे आपल्याकडे होऊ नये, एवढाच विचार होता. अहवाल निर्दोष आला. त्यात न्यूमोनियाचा कोणताही पुरावा नाही असे स्पष्ट लिहिलेले होते आणि स्कोर शून्य. आम्ही सर्वजण रडलो, इतके हलके वाटले. नमुन्याचा अहवाल यायचा होता, पण सीटी निर्दोष आहे म्हटल्यावर वडिलांनी वेगळ्या खोलीत राहणे सोडले आणि आईच्या हातचे जेवायला पुन्हा स्वयंपाकघरात येऊन बसू लागले. ऑक्सिमीटरही दोन दिवस कोणी हातात घेतला नाही. सातव्या दिवशी रात्री त्यांना धाप लागली, तेव्हा ऑक्सिजन ८६ होता. आईही आजारी पडली. दोघेही बरे झाले, ही देवाची कृपा, पण वडिलांना अठरा दिवस रुग्णालयात राहावे लागले.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न आहे. तो पहिला अहवाल चुकीचा होता का? तपासणी करणाऱ्यांना दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. फक्त समजून घ्यायचे आहे.

गणितवेडा, सांगली

अबोलीताईंच्या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर डॉक्टर देतील. मी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे आकड्यांच्या बाजूने थोडे लिहितो.

कोणत्याही तपासणीचे दोन गुण वेगवेगळे मोजावे लागतात. आजारी माणसांपैकी किती जणांना ती पकडते, हा एक, आणि निरोगी माणसांपैकी किती जणांना ती बरोबर सोडून देते, हा दुसरा. जगभरातील अभ्यास एकत्र करणाऱ्या कॉक्रन गटाच्या मार्च २०२१ मधील आढाव्यात करोनाच्या निदानासाठी छातीच्या सीटीचा पहिला गुण सुमारे ८८ टक्के आणि दुसरा ८० टक्के होता. साध्या एक्स-रेचे हेच आकडे सुमारे ८१ आणि ७२ होते. फुफ्फुसाच्या सोनोग्राफीचे ८६ आणि ५५.

आता सीटीचे आकडे धरून दोन प्रसंग पाहू. पहिला प्रसंग ऐन लाटेचा. तापाने आलेल्या १००० जणांपैकी ५०० जणांना खरोखर करोना आहे असे मानू. सीटी त्यांपैकी ४४० जणांना पकडेल आणि करोना नसलेल्या ५०० पैकी १०० जणांवर चुकीचा शिक्का मारेल. म्हणजे 'आहे' असे सांगितलेल्या ५४० पैकी ४४०, सुमारे ८१ टक्के, खरे. दुसरा प्रसंग लाट ओसरल्यानंतरचा. १००० पैकी फक्त २० जणांना तो आजार आहे. त्यांपैकी १८ जण पकडले जातील, पण उरलेल्या ९८० पैकी १९६ जणांवर शिक्का बसेल. 'आहे' असे सांगितलेल्या २१४ जणांत खरे केवळ १८, म्हणजे शंभरात आठ. यंत्र तेच, वाचणारे डोळे तेच. फक्त रांगेत उभी असलेली माणसे बदलली.

अबोलीताई, आपल्या घरचा प्रसंग मात्र उलट बाजूचा आहे, 'नाही' या उत्तराचा. धागाकर्त्यांनी दिलेल्या अभ्यासात पहिल्या दोन दिवसांत ३६ पैकी १६ जणांच्याच सीटीत काही दिसले होते, म्हणजे ४४ टक्के. ऐन लाटेतील ते १००० जण सर्वच्या सर्व पहिल्या दोन दिवसांत आले असे धरू. ५०० आजाऱ्यांपैकी सुमारे २२२ जणांत डाग दिसतील आणि २७८ जण निर्दोष अहवाल घेऊन घरी जातील. निरोगी ५०० पैकी ४०० जणांचे अहवाल निर्दोष असतील. एकूण निर्दोष अहवाल ६७८, आणि त्यांतील २७८ जण आजारी. म्हणजे त्या दिवसांत स्कोर शून्य घेऊन समाधानाने परतणाऱ्या दर शंभरांपैकी एकेचाळीस जणांना करोना होता. आकडेवारी छोट्या अभ्यासावरची आहे, त्यामुळे एकेचाळीसच्या जागी पस्तीस किंवा पंचेचाळीसही येऊ शकतात. तरीही 'शून्य' या शब्दाने जो दिलासा दिला, तो आकड्यांत कधीच नव्हता.

नमुन्याच्या चाचणीलाही काळाचे हेच बंधन आहे, हे सांगायला हवे. एका विश्लेषणानुसार लक्षणे सुरू झाल्याच्या दिवशी आरटी-पीसीआर आजारी माणसांपैकी ३८ टक्क्यांना हुकवते आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत उतरते. पुढे ते पुन्हा वाढत जाते. दोन्ही तपासण्या चुकतात, पण त्यांच्या चुकण्याच्या वेळा वेगळ्या आहेत.

तांबडी माती, रत्नागिरी

मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. सर्व चर्चा अहवालाभोवती चालली आहे, म्हणून चित्र काढतानाच्या गोष्टी लिहितो, कारण कितीतरी 'पॅचेस' रुग्णाच्या फुफ्फुसात नसतात, ते आमच्या टेबलावर तयार होतात.

छातीचा चांगला एक्स-रे म्हणजे रुग्ण उभा, छाती फिल्मला टेकलेली, खांदे पुढे आणि पूर्ण श्वास आत घेऊन धरलेला. खाटेवर पडलेल्या रुग्णाचा एक्स-रे पोर्टेबल यंत्राने समोरून काढावा लागतो. त्यात हृदय असते त्यापेक्षा मोठे दिसते, श्वासपटल वर सरकलेले असते आणि फुफ्फुसांचा तळ नुसत्या अपुऱ्या श्वासामुळेही धूसर दिसतो. सीटीचेही तसेच आहे. धाप लागलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाने मध्येच श्वास सोडला, तर सगळे फुफ्फुस किंचित दुधी दिसू लागते. पाठीवर झोपल्यामुळे फुफ्फुसाच्या मागच्या कडेला गुरुत्वाकर्षणानेच हलकी घनता येते आणि करोनाचे डागही नेमके तेथेच येतात. अशा वेळी रुग्णाला पालथे झोपवून तेवढेच काप पुन्हा घेतले की खरे काय ते कळते, कारण खोटी सावली विरून जाते आणि खरा डाग जागेवर राहतो. दिवसाला पन्नास-साठ स्कॅन आणि प्रत्येकानंतर खोलीचे निर्जंतुकीकरण, अशा धावपळीत हे पालथे झोपवणे किती वेळा झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

श्वास कसा धरायचा हे टेबलावर सांगू नये, बाहेर बाकावर असतानाच दोनदा करवून घ्यावे. माझ्या अनुभवात अहवालात सर्वाधिक फरक या एका गोष्टीने पडतो.

संगणकी, पुणे

मी वैद्यकीय प्रतिमांवर चालणाऱ्या संगणक प्रणालींवर काम करतो. २०२० मध्ये आमच्या क्षेत्रात एक्स-रे पाहून क्षणात करोना ओळखणाऱ्या प्रणालींचे पीक आले होते, त्यामुळे त्याबद्दल प्रामाणिकपणे लिहिणे माझे कर्तव्य आहे.

मार्च २०२१ मध्ये केंब्रिजमधील संशोधकांच्या पुढाकाराने एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २०२० मधील दोन हजार दोनशेहून अधिक निबंध गोळा केले गेले, गुणवत्तेच्या चाळणीतून ६२ उरले आणि त्यांपैकी एकही प्रणाली प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरण्याजोगी नाही असा निष्कर्ष निघाला. याचे एक कारण फार बोलके आहे. अनेकांनी करोनाची चित्रे म्हणून प्रौढ रुग्णांचे एक्स-रे घेतले आणि करोना नसलेल्यांची म्हणून चीनमधील ग्वांगझूच्या बाल रुग्णालयाचा जुना संच घेतला, ज्यात एक ते पाच वर्षांची मुले होती. प्रणालीने शिकताना विषाणू ओळखायला न शिकता लहान मूल आणि मोठा माणूस यांतील फरक ओळखला आणि ती अतिशय अचूक ठरली. दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, अशा प्रणाली फुफ्फुसांकडे पाहण्याऐवजी फिल्मच्या कोपऱ्यात बसवलेल्या डाव्या-उजव्या बाजूच्या खुणेकडे किंवा खांद्यांच्या ठेवणीकडे पाहून निकाल देत होत्या. वरच्या प्रतिसादात उभ्याने काढलेला आणि खाटेवर काढलेला एक्स-रे यांतला जो फरक लिहिला आहे, तोच त्यांनी नकळत पकडला. खाटेवरचा असेल तर अत्यवस्थ, अत्यवस्थ असेल तर करोना.

प्रारंभिक अवस्था ओळखण्याच्या बाबतीत तर अडचण आणखी मूलभूत आहे. शिकवण्यासाठी मिळालेली चित्रे बहुतांश दाखल झालेल्या, म्हणजे आजार वाढलेल्या रुग्णांची होती. पहिल्या दोन दिवसांची चित्रे त्यांत जवळजवळ नव्हतीच. जे दाखवलेच नाही ते ओळखण्याची अपेक्षा आम्ही करत होतो.

याचा अर्थ हे तंत्र निरुपयोगी आहे असा नाही. क्षयरोगाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या चाळणीसाठी संगणकाने एक्स-रे वाचण्यास मान्यता दिली. तेथे वर्षानुवर्षांचा, थुंकीच्या तपासणीशी ताडून पाहिलेला पुरावा होता. आम्हाला २०२० मध्ये तेवढा धीर धरता आला नाही.

माणदेशी, जिल्हा सातारा

एक शंका आहे. एका सीटीत तीनशे-चारशे एक्स-रेइतके किरण असतात, असे एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये सांगितले आणि लगेच क्ष-किरणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ते जुनाट माहितीवर आधारलेले असल्याचे म्हटले व पाच ते दहा एक्स-रे हा आकडा दिला. माझे रुग्ण मला विचारत होते आणि मी गप्प राहिलो. खरे कोणाचे मानायचे?

पंचगंगा, कोल्हापूर
(धागाकर्ते)

दोघांचेही, कारण दोघे वेगवेगळ्या यंत्रजुळणीबद्दल बोलत होते. छातीच्या एका एक्स-रेत रुग्णाला सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एवढा किरणोत्सर्ग मिळतो. नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या सीटीत तो ५ ते ७ मिलिसिव्हर्ट असतो. भागाकार केला तर अडीचशे ते साडेतीनशे येतात आणि डॉ. गुलेरियांचा आकडा त्याच घरातला आहे. कमी मात्रेच्या पद्धतीत तो साधारण दीड मिलिसिव्हर्टपर्यंत येतो आणि अत्यल्प मात्रेच्या पद्धतीत त्याहूनही बराच खाली, एक्स-रेच्या पाच-दहा पटींपर्यंत. यंत्र जुने आहे की नवे, आणि त्यावर काम करणाऱ्याने मात्रा खरोखर कमी केली होती की नाही, यावर रुग्णाला काय मिळाले ते ठरते. तुलनेसाठी एवढे लक्षात ठेवावे की, निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. एका गरजेच्या सीटीला घाबरण्याचे कारण नाही. पण एका महिन्यात तीन-तीन सीटी झालेले तरुण मी पाहिले आहेत आणि त्यांपैकी एकाही फेरीने उपचार बदलला नव्हता.

डॉ. गुलेरियांच्या त्याच निवेदनातील दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा होता आणि तो किरणांच्या वादात मागे पडला. लक्षणे नसलेल्या अनेक बाधितांच्या सीटीतही डाग दिसतात आणि ते उपचारांशिवाय नाहीसे होतात, असे त्यांनी सांगितले होते. याला आधार होता. डायमंड प्रिन्सेस जहाजावरील १०४ बाधितांचे सीटी जपानमध्ये तपासले गेले, तेव्हा लक्षणे नसलेल्या ७६ जणांपैकी ४१ जणांच्या फुफ्फुसांत डाग होते. त्याच्याही आधी, जानेवारी २०२० मध्ये, शेन्झेनमधील एका कुटुंबाचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यातील दहा वर्षांच्या मुलाला काहीही होत नव्हते. चिंतित पालकांच्या आग्रहावरून त्याचा सीटी केला गेला आणि त्यात ग्राउंड ग्लास आढळले. म्हणजे या विषाणूच्या बाबतीत चित्र दोन्हीकडे फसवते. ताप असलेल्याचे निर्दोष असू शकते आणि खेळणाऱ्या मुलाचे सदोष.

माणदेशी डॉक्टर, आपल्या पहिल्या प्रतिसादातील त्या रुग्णाबद्दलही लिहायचे राहिले होते. पाच दिवस ताप, वास नाही, घरात बाधित, चाचणीचा निकाल हाती नाही. आपण चिठ्ठी लिहिली ते योग्यच केले. फ्लाइश्नर सोसायटी या वक्षप्रतिमा-तज्ज्ञांच्या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये दिलेला सल्ला काळजीपूर्वक वाचला तर तो आपल्याला दोष देत नाही. सौम्य लक्षणे असतील आणि आजार बळावण्याचा धोका नसेल तर चित्र काढू नये, श्वसन बिघडत असेल तर जरूर काढावे, आणि चाचण्यांची टंचाई असलेल्या ठिकाणी मध्यम व तीव्र लक्षणांच्या रुग्णाची वर्गवारी चित्रावरून करता येते, असे त्यात म्हटले होते. नेदरलँड्समधील क्ष-किरणतज्ज्ञांनी त्याच काळात को-रॅड्स नावाची श्रेणी तयार केली, ती मला फार समंजस वाटते. त्यात फुफ्फुसाचा किती भाग व्यापला हे मोजत नाहीत. हे चित्र करोनाचे असण्याचा संशय किती, एवढेच एक ते पाच या अंकांत सांगतात आणि सहा हा अंक चाचणीने सिद्ध झालेल्यांसाठी राखलेला आहे. संशय किती आणि व्याप्ती किती हे दोन निराळे प्रश्न आहेत. आपल्याकडे पंचवीसपैकीच्या स्कोरने दोन्ही प्रश्न एकाच आकड्यात कोंबले. एखाद्या जुन्या क्षयरोग्याच्या फुफ्फुसातील व्रणांनाही गुण देऊन करोनाचा स्कोर लिहिलेला अहवाल मी स्वतः पाहिला आहे.

याच कारणाने आता येणाऱ्या साथींत तर स्कोर विचारणेच गैरलागू आहे. इन्फ्लुएंझा, आरएसव्ही आणि एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या इतर विषाणूंत बदल बहुधा श्वासनलिकांच्या भोवती सुरू होतात, फुफ्फुसांच्या कडेच्या वायुकोशांत नाही. सीटीत त्यांच्या भिंती जाड दिसतात किंवा बारीक फांद्यांना अंकुर फुटावेत तसे ठिपके दिसतात. आपल्या देशात असे ठिपके पाहिल्यावर आधी क्षयरोगाचा विचार करावा लागतो. त्यावरून विषाणूचे नाव सांगणे कोणालाही शक्य नाही.

अबोलीताई, आता आपला प्रश्न. तो अहवाल चुकीचा नव्हता. वडिलांच्या फुफ्फुसांत त्या सकाळी खरोखरच काही नसावे, कारण विषाणू बहुधा नाका-घशातच होता. न्यूमोनियाचा पुरावा नाही हे वाक्य त्या तासापुरते खरे होते. मात्र आपण ते पुढच्या आठवड्याचे आश्वासन म्हणून वाचले, आणि तसे वाचू नये हे सांगणारी एकही ओळ आम्ही त्या कागदावर लिहिली नव्हती. तापाचा दुसराच दिवस आहे, निर्दोष चित्रावरून आजार नाकारता येत नाही, वेगळे राहावे, ऑक्सिजन रोज मोजावा, एवढे चार शब्द हवे होते. ही उणीव आमची आहे.

माणदेशी, जिल्हा सातारा

ऑक्सिजनचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्या काळात आरोग्य विभागाने सांगितलेली सहा मिनिटे चालण्याची चाचणी मी अजूनही वापरतो. बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात सहा मिनिटे सपाट जमिनीवर चालायचे आणि आकडा ९३ च्या खाली गेला किंवा चालण्यापूर्वीपेक्षा तीनहून अधिक घसरला, तर लगेच कळवायचे. बसल्या जागी ९६ असलेला माणूस चालल्यावर ९१ वर आलेला मी पाहिला आहे. त्याला त्याच दिवशी सीटीला पाठवले, तेव्हा तो तापाचा सहावा दिवस होता. चित्रात दोन्ही बाजूंना डाग होते आणि त्याला वेळेत खाट मिळाली. ज्यांना बसूनच धाप लागते किंवा जे आधीच हृदयरोगी आहेत, त्यांना मात्र ही चाचणी करायला लावू नये.

अबोली, नाशिक

डॉक्टर, मनापासून आभार. आपले उत्तर वाचून मी कपाटातून ती जुनी फाईल काढली. अहवालावर वडिलांचे नाव, वय, तारीख, वेळ, यंत्राचे नाव, सर्व काही आहे. ताप कधी आला हे कोठेच लिहिलेले नाही. मग आठवले की नोंदणीच्या खिडकीवर आम्हाला ते कोणी विचारलेच नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते. वाचणाऱ्या डॉक्टरांना तो दुसरा दिवस आहे की दहावा, हे कळणार तरी कसे होते?

पंचगंगा, कोल्हापूर
(धागाकर्ते)

आपण म्हणता ते खरे आहे. माझ्या स्वतःच्या केंद्रातील अर्जावरही तो रकाना नव्हता, हे आपला प्रतिसाद वाचून उठून पाहिले तेव्हा लक्षात आले. आज सकाळी नवीन अर्ज छापायला दिले आहेत. त्यांत नावाखालची पहिली ओळ 'लक्षणे सुरू झाल्याची तारीख' अशी आहे आणि ती भरल्याशिवाय रुग्णाला आत पाठवू नये असे खिडकीवर सांगून ठेवले आहे. अहवालाच्या मथळ्याखालीही 'आजाराचा दिवस' असा रकाना ठेवला आहे. त्यात पहिला, दुसरा किंवा तिसरा दिवस लिहिला गेला, तर शेवटी काय लिहायचे ते वाक्य टंकलेखकाकडे आत्ताच देऊन ठेवले आहे.